राणीचं काळीज पाहून आल्यावर

पारमिता निपाणीची. वडील लवकर गेले. आई सोनुबाई तंबाखूच्या वखारीत राबली आणि खोकत खोकतच तिनं लेकीला बेळगावला नर्सिंग शिकवलं. तिथल्या एका दवाखान्यात काही वर्षं काढून पारमिता एजन्सीमार्फत थेट रुमानियाला गेली. सिनाया या डोंगरातल्या गावी एलेना नावाच्या एकट्या म्हाताऱ्या बाईंना सांभाळायचं काम होतं. दोघी मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलत.

एका रविवारी बाईंनी काठी उचलली आणि राजवाडा बघायला चल म्हणाल्या. रुमानियात आता राजा नाही. १९४७ साली कम्युनिस्टांनी शेवटच्या राजाला गादी सोडायला लावली. पेलिशोर महाल आता तिकीट काढून बघता येतो. तिथली एक खोली भिंतींपासून छतापर्यंत सोनेरी आहे. पारमिता फोटो काढायला लागली, तेवढ्यात बाईंनी एका पेटीकडे बोट दाखवलं.

"यात मारी राणीचं हृदय आहे."

"हृदयाचं चित्र?"

"हृदय. खरंखुरं."

पारमितानं फोन खाली घेतला. दवाखान्यात तिनं काय कमी पाहिलं होतं? पण लोक येतायत, बघतायत, पुढच्या खोलीत जातायत, आणि मध्ये एका बाईचं काळीज! ती बाहेर येऊन पायरीवर बसली.

एलेनाबाई शेजारी टेकल्या. पहिल्या महायुद्धात टायफसच्या तापानं सैनिक पटापट मरत होते, तेव्हा ही राणी त्यांच्या खाटांजवळ जायची, हात हातात घ्यायची. त्या सैनिकांत बाईंचे वडीलही होते. मरताना राणीनं सांगून ठेवलं, माझं हृदय समुद्राकाठच्या माझ्या देवळात ठेवा. पुढं तो मुलूख दुसऱ्या देशात गेला आणि हृदय गावोगाव फिरत अखेर इथं आलं. बाई हे सगळं अगदी घरातलं सांगावं तसं सांगत होत्या.

पारमितानं त्याच दिवशी आईला फोन लावला.

"काळीज?" सोनुबाई ओरडलीच. "आन् बाकीची बाई कुठं हाय गं?"

"दुसऱ्या गावात पुरलीय."

"आगं माझ्या बया!"

नंतर बराच वेळ फोनवर नुसता खोकला ऐकू येत राहिला.

पुढच्या वर्षी खोकला वाढला म्हणून पारमिता रजा काढून निपाणीला आली. सोनुबाईनं तिला जवळ बसवलं. "मी गेल्यावर मला जाळायचं न्हाय. बेळगावच्या मेडिकल कॉलेजला द्यायचं."

शिकत असताना पारमिता त्याच कॉलेजात प्रेतं चिरायच्या टेबलांपाशी उभी राहिली होती. टेबलावरच्या माणसाला घर असेल, लेक असेल, असं तिच्या कधी मनातही आलं नव्हतं.

"काय बोलतीस आई? त्या राणीचं ऐकून डोक्यात घेतलंस व्हय?"

"राणीचं काळीज लोकं बघत्यात. माझं कोण बघणार? पर माझ्या छातीत तंबाखूची किती धूळ बसलीया, ती तरी डॉक्टर हुणाऱ्या पोरांनी बघू दे की."

तीन आठवड्यांनी सोनुबाई गेली. पारमिताचा थोरला भाऊ भीमरत्न ऐकेना. "जल्मभर झिजली ती. आता तिला कापायला द्यायची?" पारमितालाही तेच वाटत होतं. तिनं फक्त आईचं धुळीचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. बुद्धवंदना झाली, आणि मग भीमरत्ननंच कॉलेजला फोन केला. कॉलेजची गाडी आली, सोनुबाईला घेऊन गेली. गल्लीतली माणसं उभीच होती. स्मशानाकडं निघायच्या तयारीनं आलेल्यांना आता कुठं जायचं तेच कळेना.

पारमिता सिनायाला परतली. एलेनाबाईंनी विचारलं, "आईला कुठं पुरलंत?"

तिनं कॉलेजचं सांगितलं, आणि आईचं 'माझं कोण बघणार?' हेही सांगितलं. "म्हणजे पुरलंच नाहीत?" बाई म्हणाल्या. त्यांनी छातीवर क्रूस काढला, उठल्या आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. दुपारचं जेवण टेबलावर तसंच राहिलं. संध्याकाळी त्या बाहेर आल्या. डोळे सुजलेले होते.

"तिचा फोटो आहे?" त्यांनी विचारलं.

पारमितानं फोनमध्ये फोटो शोधला. डोक्यावर पदर, समोर सुपात तंबाखू, आणि कशाला फोटो काढतीस म्हणून वैतागलेली सोनुबाई. बाईंनी चष्मा लावला आणि कितीतरी वेळ ते तोंड बघत बसल्या.