चौदा किलोंचं चिलखत

कल्पना करा, एक माणूस हात जरासे फाकवून तुमच्यासमोर उभा आहे. त्याच्या अंगावर तुम्हाला चौदा किलोंचं चिलखत चढवायचंय आणि डोक्यावर अडीच किलोंचा लोखंडी टोप. हे घालून तो देवळापासून नदीकाठच्या पटांगणापर्यंत तीन किलोमीटर चालणार, वाटेत दोनदा एका गुडघ्यावर बसून उठणार, आणि सगळं गाव त्याच्याकडे बघत असणार. तुम्ही पट्टा आवळता, खांद्याखाली दोन बोटं सरकवून बघता आणि विचारता, कुठे टोचत तर नाही ना? तो म्हणतो, "ठीक आहे." आता तुम्ही काय कराल?

हिसाए हा प्रश्न विचारतच नाही. जपानमधल्या कामिसावा गावातल्या पुरुषाला चिलखत चढवल्यावर काही दुखतंय का म्हणून विचारण्यात अर्थ नसतो, हे तिला पहिल्याच वर्षी कळलं. तांदळाच्या पापड्यांचं दुकान चालवणारा गेन्गो दर वसंतात निघणाऱ्या सामुराईंच्या मिरवणुकीत सेनापती होतो. त्या वर्षी तो शेवटपर्यंत "ठीक आहे, ठीक आहे" म्हणत राहिला आणि पटांगणात टोप उतरवला तेव्हा कपाळावरची नाण्याएवढी कातडी सोलून निघालेली. वर हसून म्हणतो कसा, सेनापतीला एवढं लागायचंच. आणखी एक गंमत म्हणजे माप देताना तो पोट आत ओढून घेतो. तेवढ्या पोटावर पट्टा बांधला, की मिरवणुकीच्या दिवशी जेवणाचा डबा खाल्ल्यावर त्याला श्वास घेता येत नाही. म्हणून हिसाए आता त्याला आधी चहा देते आणि नदीत सापडलेल्या माशाबद्दल विचारते. मासा दरवर्षी थोडा मोठा होतो. तो ऐन रंगात आला की पोट आपोआप बाहेर येतं, आणि मग ती पट्टा बांधते.

तीस वर्षं तिने शाळेची दप्तरं शिवण्याच्या कारखान्यात खांद्याचे पट्टे शिवले. सहा वर्षांचं पोरही दप्तर कुठे खुपतंय ते सांगत नाही. नुसतं एका बाजूला कलतं. तेव्हा तोंडाकडे बघायचं नाही, उभं राहण्याकडे बघायचं, हे ती तिथेच शिकली. कारखाना सुटला त्याच वर्षी चिलखतं बसवणारे म्हातारे गृहस्थ वारले आणि गावाने ते काम तिच्याकडे दिलं. त्यांच्याकडून तिला एक मोठी कात्री आली आणि एक रीत आली: चिलखत मनासारखं बसलं, की घालणाऱ्याच्या पाठीवर दोन थापा मारायच्या. ज्याला थापा मिळाल्या नाहीत तो मिरवणुकीत चालत नाही. हे कुठे लिहिलेलं नाही, पण आजवर कुणी मोडलेलंही नाही.

मार्च महिन्यात शिनोबु तिच्याकडे आली ती याच थापांसाठी. शिनोबु म्हणजे शेजारच्या तोकुजींची मुलगी. पन्नाशीची, टपाल कचेरीत कामाला, बोलणं मोजून मापून. तोकुजी सत्त्याहत्तर वर्षांचे. अडतीस वर्षं ते मिरवणुकीतले शेवटचे शिपाई होते. बाकीच्यांच्या पायांतून निसटलेल्या गवती चपला, पडलेल्या दोऱ्या, एखाद्याचा चष्मा, सगळं गोळा करत येणारा हा मागचा माणूस. गेल्या पावसाळ्यानंतर त्यांच्या पोटाचं ऑपरेशन झालं. चार महिने इस्पितळात होते आणि परत आले ते सतरा किलोंनी कमी होऊन.

शिनोबुने मोचीचं, म्हणजे गोड पुरण भरलेल्या तांदळाच्या मऊ गोळ्यांचं, खोकं पुढे सरकवलं आणि इकडचं तिकडचं न बोलता मुद्द्यावर आली. डॉक्टरांनी चालायला हवं तेवढं चाला म्हटलंय, ओझ्याबद्दल मात्र जपून म्हटलंय. जपून म्हणजे किती, ते सांगितलं नाही. बाबा दोन आठवड्यांपासून रोज सकाळी देवळापर्यंत चालून येतात, आणि कशासाठी ते घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

"तुम्ही फक्त म्हणा, आता बसत नाही. तुमच्या तोंडून आलं तर ऐकतील. माझं म्हणजे रेडिओ लागलाय असं समजतात."

हिसाएने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. आधी बघते, म्हणाली. शिनोबु गेल्यावर तिने मोचीचं खोकं न उघडताच फडताळात ठेवलं. नाही म्हणणं सोपं होतं, आणि खोटंही ठरलं नसतं. पण तोकुजी रोज सकाळी तिच्या कुंपणापाशी थांबतात, धाप लागली हे कळू नये म्हणून तिच्या मुळ्याच्या वाफ्याची चौकशी करतात, आणि वाफ्यात तर मुळे कधीच संपलेत, हे तिच्या डोळ्यांसमोरून हलेना.

मग तिने तिसरा मार्ग काढला. पाहुण्यांना फोटोसाठी घालायला म्हणून गावाने प्लास्टिकच्या पट्ट्यांची काही हलकी चिलखतं करून ठेवली होती. त्यातलं एक तिने उसवलं. तोकुजींच्या चिलखतातल्या छातीच्या आणि पाठीच्या लोखंडी पट्ट्या काढून तिथे प्लास्टिकच्या ओवल्या. रंग जुळवला, कडा घासून जुनाट केल्या, त्याच निळ्या दोऱ्या परत भरल्या. आठवडाभर दुपारच्या दुपार ती तेच करत होती. शेवटी काट्यावर ठेवलं तेव्हा साडेपाच किलो भरलं. लांबून कुणाच्या बापाला ओळखू आलं नसतं. तिला स्वतःचंच कौतुक वाटलं, हे इथे सांगायला हवं.

मापाच्या रविवारी गावाच्या सभागृहात तोकुजी सगळ्यांच्या आधी येऊन बसले होते. शिनोबु भिंतीला टेकून उभी होती. हिसाएने त्यांना पहिल्यांदा कवळी बसवायला लावली, कारण ती खिशात होती. कवळीशिवाय हनुवटीची दोरी बांधली तर माप चुकतं, हे ती दरवर्षी सांगते आणि तोकुजी दरवर्षी विसरतात. मग त्यांनी सवयीने हात वर केले, तिने चिलखत डोक्यावरून उतरवून खांद्यांवर सोडलं, कमरेचा पट्टा बांधला आणि मागे सरून बघितलं. छान दिसत होतं. पाठही सरळ होती.

तोकुजींनी उजवा खांदा उचलला, खाली सोडला. मग छातीवरच्या एका पट्टीवर नख वाजवलं. आवाज टक् असा कोरडा आला.

"हिसाए-चान," ते म्हणाले. त्रेसष्ट वर्षांच्या बाईला अशी लहान मुलीसारखी हाक मारणारे गावात ते एकटेच उरले होते. "हे कुणाचं आहे?"

शिनोबु पुढे आली. बाबा, तुमच्यासाठीच हलकं केलंय, त्यांनी किती मेहनत घेतलीय, असं काहीतरी ती भराभर म्हणाली.

"चार महिने माझ्या अंगावर कुणी काही ठेवलंच नाही," तोकुजी म्हणाले. आवाज चढला नव्हता. "पांघरूण हलकं. ताट हलकं. कुशीवर वळवायचं तर दोघी नर्सा हवेसारखं उचलायच्या. घरी आलो तर ही हातातली किटलीसुद्धा काढून घेते. मला वाटायला लागलंय, मी इथे नाहीच. मला वजन हवंय गं. वजन असलं की पाय जमिनीला लागतात."

"मग घरी तांदळाचं पोतं उचला," शिनोबु म्हणाली. तिचा आवाज मात्र फाटला.

"तू उचलू दिलंस तर ना."

सभागृहाच्या दुसऱ्या टोकाला गेन्गो आणि दोघेतिघे चहा पीत होते. ते एकदम कपात डोकावून बघायला लागले.

हिसाएला आपल्या आठवडाभराच्या कामाची लाज वाटली. तिने आयुष्यभर एकच गोष्ट केली होती: वजन असं वाटून द्यायचं, की वाहणाऱ्याला ते जाणवू नये. कुणी वजन मागेल हे तिच्या हिशेबातच नव्हतं. ती म्हणाली, मला दहा दिवस द्या. आणि शिनोबुला म्हणाली, लोखंड परत भरते; त्यातही बसलं नाही तर मी स्वतः नाही म्हणेन, तुम्ही सांगितलं म्हणून नाही. शिनोबुने मान हलवली. ती होकाराची होती की थकव्याची, कळलं नाही.

पुढच्या दहा दिवसांत हिसाएने खरं काम केलं. अडचण वजनाची नव्हती, कमरेची होती. चिलखत नुसतं खांद्यांवर लटकलं तर अर्ध्या किलोमीटरमध्ये माणूस वाकतो. पट्ट्याने ते उचलून कमरेच्या हाडांवर बसवावं लागतं. पण तोकुजींना पट्टा अडकायला कंबरच उरली नव्हती, तो घसरून खाली यायचा. मग तिला नवरीला किमोनो नेसवण्याची आठवण झाली. मुलगी फार बारीक असली, की कमरेभोवती टॉवेल गुंडाळून अंग भरतात. तिने जुन्या सुती टॉवेलांच्या घड्या शिवून एक रुंद कंबरपट्टी केली, मागे जाड, पुढे पातळ, आणि ऑपरेशनच्या खुणेसमोर ती तळहाताएवढी कापून मोकळी सोडली. गळ्याच्या हाडांजवळ पडलेल्या खळग्यांसाठी दोन छोट्या गाद्या केल्या, त्यात कापूस. स्पंज घामाने बसतो, कापूस परत पिंजता येतो.

टोपाचं गणित वेगळं. पुढे कपाळावर धातूची चंद्रकोर असल्याने तो पुढे झुकतो. बहुतेक जण कपाळाशी जाड गादी घालतात आणि तिथेच चुकतात, कारण मग टोप वर उचलला जातो आणि आणखी डुलतो. हिसाएने कपाळाशी पातळ अस्तर ठेवलं, मानेच्या वर दोन्ही बाजूंना भक्कम गाद्या लावल्या आणि कानशिलांपाशी काहीच ठेवलं नाही. तोकुजींच्या कानशिलांवर आता मांस नव्हतं. तिथे रेशीमही टोचलं असतं.

दुसऱ्या मापाला तिने चिलखताच्या आणि टोपाच्या आतून शिंप्याचा निळा खडू फासला. तोकुजींना पांढरा सदरा आणि पांढरी डोईपट्टी घालायला दिली, वर सगळं चढवलं आणि सभागृहाला वीस फेऱ्या मारायला लावल्या. विसाव्या फेरीनंतर तोकुजी, अर्थातच, "ठीक आहे" म्हणाले. डोईपट्टीवर उजवीकडे बोटभर गडद निळा पट्टा उमटला होता, डाव्या खांद्यावरही एक. तिने डोईपट्टी त्यांच्यासमोर धरली.

"हे ठीक आहे?"

तोकुजी शाळेत कॉपी करताना सापडलेल्या मुलासारखे हसले. मग पहिल्यांदा, अगदी हळू, म्हणाले, "तिथे जरा खुपतंय."

तिने बसल्या बसल्या गादी उसवली, कापूस काढला, परत शिवली. पुन्हा वीस फेऱ्या. मध्ये चहा. तिसऱ्या वेळी मात्र सगळीकडे सारखा, ढगाळ, फिकट निळा रंग आला. गडद कुठेच नाही. शिनोबुने सदरा हातात घेऊन खिडकीपाशी उजेडात धरला. उलटा करून पाहिला. मग म्हणाली, मी सोबत चालेन, पाणी आणि घडीचं स्टूल घेऊन, आणि पुलापाशी दोरी सैल करायची असली तर तुम्ही सांगायचं, बाबा, खरं सांगायचं. तोकुजी म्हणाले, ठीक आहे. हे कुठलं ठीक आहे, असं तिने विचारलं, तेव्हा चहा पिणारे सगळेच हसले.

हिसाएने लोखंडी पाठीवर दोन थापा मारल्या. हाताला झिणझिण्या आल्या.

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी मिरवणूक निघाली. तोकुजी सगळ्यांच्या मागे, इतरांपेक्षा वीस पावलं मागे, आणि त्यांच्या शेजारी हातात स्टूल घेतलेली शिनोबु. पुलापाशी ते थांबले. हिसाए तिथेच कठड्याशी उभी होती. तोकुजींनी हनुवटीकडे बोट केलं, शिनोबुने दोरी सैल करून पुन्हा बांधली, अगदी हिसाएने दाखवली होती तशी. रस्त्यात कुणाची तरी चपलेची दोरी पडलेली होती. शिनोबु वाकणार तेवढ्यात तोकुजींनी तिचा हात बाजूला केला, एका गुडघ्यावर बसून ती उचलली, आणि मग चार क्षण घेऊन ते आपले आपण उठले.

पटांगणात हिसाएनेच सगळं उतरवलं. खांदे, कपाळ, कंबर, तिने बोटांनी चाचपून पाहिलं. कुठे वळ नाही, लाली नाही. इतकं नेटकं तिच्या हातून आजवर बसलं नव्हतं. आणि नेमकं तेव्हा तिला धस्स झालं. कधी नव्हे ते तिने तोंडानेच विचारलं, जड लागलं का?

"ठीक होतं," तोकुजी म्हणाले आणि भाताचे लाडू वाटत होते तिकडे निघून गेले.

आता ते रोज सकाळी तिच्या कुंपणापाशी थांबतात, कधी हातात किटली असते, कधी पाण्याची बादली. इकडच्या तिकडच्या गप्पा होतात. तो प्रश्न अजून तिच्या ओठांवर येतो आणि परत जातो. चिलखत खरोखर नीट बसलं, की वजन जाणवत नाही. ती तर आयुष्यभर त्यासाठीच शिवत आली. मग ज्याला वजनच हवं होतं त्या माणसाला ते तीन किलोमीटरमध्ये कुठेतरी मिळालं ना? की तिने ते जास्तच नीट बसवलं?