आईचा वरवंटा आणि गोपीचा पासपोर्ट

आज सकाळपर्यंत ही गोष्ट मी कुणाजवळ बोललो नव्हतो. बायकोजवळ नाही, खजरान्याच्या गणपतीसमोरही नाही — तिथं हात जोडले की मी घाईघाईनं दुसरंच काहीतरी मागायचो. आता तोंड उघडलंच आहे तर तुम्हालाही सांगतो. आणि खरं सांगू? बरं वाटतंय. इतकं बरं वाटायला नको, पण वाटतंय.

गोपी आमचा शेजारी. मिलच्या लाइनीत, म्हणजे कामगारांच्या चाळीत, त्यांची खोली आणि आमची खोली, मध्ये एक भिंत. त्याचे आईबाप सिंधमधून आलेले — फाळणीत नाही, नंतर बऱ्याच वर्षांनी — तेव्हा तो पोटात होता. इथं त्यांचं जवळचं बाईमाणूस कुणी नाही. कळा सुरू झाल्या तशी माझ्या आईनं त्याच्या आईला आमच्याच खोलीत घेतलं आणि मला ओट्यावर बसवलं. मी लहान होतो, पण गोपीचं पहिलं रडणं मी ऐकलंय. पाचव्या दिवशी आईनं आपल्या रीतीनं पाचवी पुजली, पाट्यावर वरवंटा मांडून, हळदकुंकू वाहून. तेव्हापासून तो तिला आईच म्हणायचा, आणि आमच्याकडे पोळी खाल्ल्याशिवाय त्याचा दिवस जायचा नाही.

मग मिल बंद पडली. भोंगा थांबला, फाटकाला कुलूप लागलं, आणि माझ्यासारखे तरणेताठे लोक सकाळी उठून करायचं काय, हेच विसरले. लाइनीतली जुनी माणसं एकेक करून गावी गेली. गोपी मात्र सियागंजाच्या बाजारात एका दुकानावर होता, आणि तिथं तर परदेशी मालाची नुसती रेलचेल सुरू झाली होती. त्याच्या शेठच्या ओळखीनं दुबईत गोदामाची नोकरी जमली. फक्त पासपोर्ट हवा होता.

आणि तिथंच अडलं. आईबाप सीमेपलीकडचे, म्हणून पहिला सवाल हाच की हा इथं जन्मला की तिकडून आला? जन्माची नोंद कुणी केलीच नव्हती. आईबापाच्या शब्दाला कोण विचारतो? पोलीस चौकशीला आले की शेजाऱ्यांपैकी कुणीतरी तसं सांगायला हवं होतं. गोपीनं आईचं नाव दिलं. आईला काय आनंद. ती धुतलेलं लुगडं घडी घालून वर ठेवायची, म्हणायची, पोलीसवाला आला की मी सांगते त्याला, माझ्या हातानं आंघोळ घातलीय म्हणावं.

पोलीसवाला आला बुधवारी. आई खजरान्याला गेली होती. मी दारात बसलेलो, दाढी वाढलेली, डोकं तापलेलं. त्यानं विचारलं, “ये यहीं पैदा हुआ या उधर से आया?”

मी म्हटलं, “साब, वो लोग तो उधर से ही आए हैं. जन्म का हमें नहीं मालूम.”

बस. एवढंच. तो म्हणाला, घरात आणखी कुणी आहे का विचारायला? मी म्हटलं, नाही.

का म्हटलं? जळत होतो मी. रोज माझ्याशेजारी बसणारा माणूस विमानात बसणार आणि मी त्याच ओट्यावर — हे मला सहन झालं नाही. दुसरं काही कारण शोधून पाहिलंय, सापडलं नाही.

आई परत आली, प्रसाद दिला. पोलीसवाला येऊन गेला हे मी सांगितलं नाही. ती पुढे किती दिवस विचारत राहिली — आला का रे? मी म्हणायचो, येईल. गोपीची फाइल अडकली, नोकरी दुसऱ्याला गेली. पुढे कोर्टकचेऱ्या करून पासपोर्ट मिळाला, पण तोवर दुबईत त्याची वाट पाहणारं कुणी नव्हतं. तो सियागंजातच राहिला. आणि आमच्याकडे पोळी खायला यायचा बंद झाला. त्याच्या मुलांची पाचवीही आईला न बोलावता झाली. आई म्हणायची, पोराचं मन मोडलंय, येईल. मीही तसंच धरून चाललो — सोयीचं होतं ना. ती गेली तेव्हा त्यानं खांदा दिला, पण स्मशानातूनच परस्पर घरी गेला.

आज सकाळी तो दारात उभा. नात झालीय, उद्या पाचवी. म्हणाला, “भिया, आईचा वरवंटा देतो का?” मी काढून दिला. तर म्हणतो, “जाने दे यार. आईनं तेव्हा पोलीसवाल्याला नाही म्हटलं, ते मी कधीच सोडून दिलं. आखिर मला तिनंच तर न्हाऊ घातलं.”

ठाण्यात त्याला सांगितलं होतं, शेजाऱ्यांनी नकार दिला. नाव त्यानं एकच दिलेलं, आईचं. इतकी वर्षं तो माझ्या आईला माफ करत होता.

मी उभा होतो, खुर्चीत बसलो. आणि सगळं सांगितलं. बुधवार, दारातलं बोलणं, लुगड्याची घडी, सगळं. शेवटचा शब्द निघाला तेव्हा अंगातून ताप उतरावा तसं झालं.

गोपीनं एकच विचारलं, “म्हणजे आईला कुणी विचारलंच नाही?”

“नाही.”

तो खाली बसला आणि रडला. ‘बरं झालं, बरं झालं’ म्हणत रडला. ते माझ्यासाठी नव्हतं, एवढं मला कळतं.

मग उठला. उद्या ये, असं म्हणाला नाही. माझ्याकडे पाहिलंही नाही. वरवंटा मात्र दोन्ही हातांनी छातीशी धरून घेऊन गेला.