लाटण्याची भाकर

त्या सिनेमाचं नाव मी इथे लिहिणार नाही. लिहिलं की चारजणी म्हणतील, अगंबाई, किती गोड सिनेमा होता तो! आणि माझं डोकं फिरेल. माझ्याबरोबर काम करणाऱ्या एका बाईनं एकदा त्यातलं गाणं मोबाईलला रिंगटोन म्हणून लावलं होतं. मी महिनाभर तिच्याशी धड बोलले नाही. बिचारीला अजून कारण माहीत नाही.

सिनेमातली पोरगी एका हॉटेलात कपबशा विसळते. मालक छळतो, पोटभर खायला देत नाही. दुपारी ती समोरच्या टॉकीजमध्ये झाडायला जाते. एके दिवशी झाडता झाडता तिचा झाडू पडद्यात अडकतो आणि झाडूसकट ती आत ओढली जाते. आत सगळं गुलाबी. बंगला, कारंजं, कोट घातलेला हिरो. तो बघताक्षणी हिच्यावर फिदा. पण आतलं खाणंपिणं सगळं थर्माकोलचं, शूटिंगचं. भुकेली पोरगी लाडू उचलते आणि कचाकचा थर्माकोल चावते. इथे लोक खो खो हसतात. उपाशी माणसानं थर्माकोल चावला यात हसण्यासारखं काय आहे, हे लिहिणाऱ्याला दोन दिवस जेवू न घालता विचारायला पाहिजे.

हा सिनेमा नांदुऱ्याच्या टॉकीजला लागला तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. आम्ही वरवट बकालला राहायचो. आम्ही म्हणजे माय आणि मी. बाप मी लहान असतानाच गेला. दोघी लोकांच्या वावरात मजुरीनं कापूस वेचायला जायचो. कापूस मऊ असतो असं ज्यांना वाटतं त्यांनी तो फक्त उशीत पाहिलेला असतो. वाळलेल्या बोंडाची टोकं नखाच्या कडेला घुसतात आणि तिथेच रोज घुसतात. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत माझी बोटं भाजी चिरतानाही चरचरायची.

मला त्यातून सुटायचं होतं. कसंही. मावशीनं स्थळ आणलं तेव्हा मी मुलाचा फोटोसुद्धा मागितला नाही. मावशी नांदुऱ्याला पक्क्या घरात राहायची आणि त्या घराचा तोरा तिच्या चालण्यात होता. तिनं सांगितलं की मुलाचं घर स्लॅबचं आहे, दारात मोटरसायकल आहे आणि स्वयंपाकघरात नळ आहे. घरात, ओट्याजवळ नळ! मला मुलगा पसंत पडला की नाही ते देव जाणे, नळ मात्र त्याच क्षणी पसंत पडला. रात्रंदिवस माझ्या डोळ्यांपुढे तो नळच असायचा. हे मी कुणालाही बोलून दाखवलं नाही. बोलण्यासारखं ते नव्हतंच.

अडचण होती आमच्या घराची. कुडाच्या भिंती, वर टिनं, पाऊस आला की खाली टोपली. मावशी मायला म्हणाली, "या खोपटात पाव्हणे आनशीन त चहा पेल्याबिगर वापस जातीन. आपन टॉकीजले दाखवू पोरगी."

आमच्या भागात तेव्हा ही रीतच पडली होती. ज्यांचं घर दाखवण्यासारखं नसे ते मुलगी टॉकीजमध्ये दाखवत. बायकांचा भाग वेगळा, लाकडी कठडा घालून तोडलेला. तिथे मुलाची आई मुलीशेजारी बसायची. मुलगा पलीकडे पुरुषांत. इंटरव्हलला सगळे बाहेर येत, दोघं एकमेकांना बघत. आणि खरी गोष्ट म्हणजे आलुबोंडा. मुलाच्या आईनं मुलीला आलुबोंडा घेऊन दिला की पसंती. नाही दिला की उरलेला सिनेमा बघून मुकाट घरी यायचं. नाही म्हणण्याची कटकट कुणालाच नको असे.

जायच्या आदल्या दिवशी मावशीनं माझे हात पाहिले आणि कपाळाला हात लावला. मग मेंदीचा कोन आणून दोन्ही हात, बोटांच्या टोकांपर्यंत, नुसते भरून काढले. "आता ओरखडे दिसून नाही राह्यले," ती म्हणाली. बघायला जाणाऱ्या मुलीनं नवरीसारखी मेंदी लावून जाणं हा गाढवपणा आहे हे आम्हा तिघींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही.

टॉकीज रुळांपासून जवळच होतं. गाडी गेली की खुर्च्या थरथरायच्या आणि दोन-चार वाक्यं ऐकूच यायची नाहीत. माझ्या एका बाजूला मुलाची आई, दुसऱ्या बाजूला माय, मागच्या रांगेत मावशी आणि मुलाच्या आईची जाऊ. मुलाची आई अंगानं भरलेली, गळ्यात जाड पोत, बोलायला गोड. अंधार होण्याआधी तिनं माझा हात हातात घेतला. "मेंदी लय रंगली व माय," म्हणाली आणि माझ्या बोटांच्या टोकांवरून तिचा अंगठा फिरवत राहिली. एकेका बोटावरून. मला इतकं बरं वाटलं! लाड करते आहे असं वाटलं. आज ते आठवलं की माझेच कान लाल होतात.

इंटरव्हल झाला. मुलाची आई आणि तिची जाऊ मोरीकडे जाऊन आल्या. मुलगा समोर येऊन उभा राहिला आणि स्वतःच्या बुटांकडेच बघू लागला. त्याच्या आईनं मला आलुबोंडा घेऊन दिला, वर थंड्याची बाटलीही. मावशीनं मला कोपरानं ढोसलं. मी गरम आलुबोंडा खाल्ला, जीभ भाजली, पण नळ आता माझा होता. माय अजून मोरीकडेच होती. थोड्या वेळानं ती परत आली. तिचं तोंड उतरलेलं दिसलं, पण मी कशाला लक्ष देते?

सिनेमा पुन्हा सुरू झाला. आता पोरगी हिरोला म्हणते, मी तुला खरं जेवण करून घालते. हिरो पडद्याबाहेर हात घालून ज्वारीचं पीठ आणतो. आणि ती पोरगी, लाल नखांची, जन्मभर कष्ट केलेली म्हणे, पोळपाट-लाटणं घेते आणि ज्वारीची भाकर लाटायला लागते! गोल, गुळगुळीत, पोळीसारखी. आमच्या बाजूला एकच गलका झाला. "अवं थापून घे वं!" कुणीतरी ओरडलं. सगळ्या हसल्या. मीही हसले असेन.

पण माय थांबेचना. बाकीच्या गप्प झाल्या तरी ती हसत होती. टाळ्या पिटत, पुढे वाकून, डोक्यावरचा पदर खांद्यावर आला तरी हसत होती. चारचौघांत पदर घसरू न देणारी माझी माय! पुढच्या रांगेतल्या बाया वळून बघायला लागल्या. मी तिच्या दंडाला चिमटा काढला. तर तिनं माझ्यावरून हात लांबवून मुलाच्या आईच्या मांडीवर थाप मारली आणि मोठ्यानं म्हणाली, "ओ बाई, माही पोरगी बी अशीच करते भाकर! लाटल्याबिगर जमतच नाही तिले! अन् ऊन अंगावर आल्याबिगर उठत बी नाही!"

मी आठव्या वर्षापासून भाकरी थापत होते. उजाडायच्या आत वावरात असायचे. मी तोंड उघडलं, पण नेमकी तेव्हाच गाडी आली आणि मी काय म्हणाले ते मलाही ऐकू आलं नाही. मुलाच्या आईनं आपलं लुगडं सावरलं आणि एक खुर्ची पलीकडे सरकून बसली.

दोन दिवसांनी मावशी निरोप घेऊन आली. निरोप असा होता: "माय अशी फिदीफिदी हासते, त लेक काय दिवे लावन?" मावशी त्यानंतर वर्षभर आमच्या दारात आली नाही.

मला एकच कारण दिसत होतं. मी गेले असते तर माय एकटी पडली असती. म्हणून तिनं मुद्दाम माझं वाटोळं केलं. हे मी तिच्या तोंडावर म्हटलं. ती चुलीतलं लाकूड मागे ओढत होती, तशीच ओढत राहिली. तो सगळा हंगाम आम्ही एकाच वावरात पाठीला पाठ लावून वेचला आणि एक शब्द बोललो नाही. मेंदी महिनाभरात उतरली. खालचे ओरखडे होते तिथेच होते.

पुढं मी नर्सिंग केलं. त्यासाठी माय कुणाकुणाच्या बांधावर वाकली ते मला ठाऊक आहे. तिचे उपकार मानले, राग सोडला नाही. रागाची सवय लागते आणि मला ती छान लागली होती. लग्न झालं, खामगावला आले, मायला माझ्याकडे आणलं, तरी काही बिनसलं की मी ते टॉकीज काढायचेच. "तू माहं तवा काय केलं ते मले इचार" हे वाक्य माझ्या नवऱ्यालाही पाठ झालं होतं.

मागच्या वर्षी एका रविवारी जेवणं झाली होती. माय भुईवर बसून मेथी निवडत होती आणि टीव्हीवर तो सिनेमा लागला. मी रिमोट शोधायला उठले.

"राहू दे," माय म्हणाली. "पाहू दे."

बघू दे म्हटलं एकदाचं. झाडू अडकला, पोरगी आत गेली, तिनं थर्माकोल चावला. मग लाल नखं आली, लाटणं आलं. मी टीव्हीकडे बघतच नव्हते, मायच्या तोंडाकडे बघत होते. ती मेथीची पानं खुडत होती. ओठसुद्धा हलले नाहीत.

"आता काऊन नाही हासत?" मी विचारलं. मायशी भांडताना मी अजून आमच्या बोलीतच भांडते.

"यात हासासारखं काय हाये? येत नसन तिले."

"मंग तवा काऊन हासली?"

तिनं एक पिवळं पान बाजूला टाकलं. "ते बाई उठून जावो म्हनून."

मग तिनं सांगितलं. भाजीचा भाव सांगावा तसं. इंटरव्हलला मोरीच्या रांगेत मुलाची आई आणि तिची जाऊ मायच्या पुढेच उभ्या होत्या. मागे वळून त्यांनी बघितलंच नाही. "म्हने, मेंदी लावली तरी बोटं सांगतात. तयार हात हाये पोरीचा. यंदा आपल्या वावरात कापूस येचाले चार बाया कमी लावा लागतीन. तुह्या बोटाईवरून अंगठा फिरवत होती ना ते? घट्टे पाहून राह्यली होती."

पडद्यावर हिरो ती लाटलेली भाकर खाऊन डोळे मिटत होता. मला जे सुचलं ते रागाचंच होतं. "मले काऊन नाही सांगतलं? इतके वर्सं माहे बोल ऐकून घेतले, अन् एका शब्दानं नाही सांगतलं?"

"तवा सांगतलं असतं, तरी तू गेली असती," माय म्हणाली. "तिथं नळ होता ना घरात."

नळाचं मी तिला कधी बोलले नव्हते. मी रिमोट उचलला आणि टीव्हीचा आवाज वाढवला, म्हणजे तिला आणखी काही बोलता येऊ नये.