बगळा आला वो

बोरटोला हाल्टवर रेवताबाई तिकिटं विकायची. हाल्ट म्हणजे काय ते ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी सांगते. तिथे स्टेशनमास्तर नसतो, हमाल नसतो. रुळाच्या कडेला मुरूम टाकून केलेला कट्टा, नावाची पिवळी पाटी आणि टिनाच्या छपराची एक खोली. गाडी एक मिनिट थांबते. तिकिटं विकायला रेल्वे गावातलाच एखादा माणूस ठेवते. त्याला पगार नसतो, विकलेल्या तिकिटांवर थोडं कमिशन मिळतं. गोंदिया जिल्हा आमच्या भंडाऱ्यातून वेगळा झाला, त्यानंतर तीन-चार वर्षांनी हे काम रेवताबाईच्या नवऱ्याला, बुधरामला मिळालं. तो काविळीने गेला आणि काम हिच्याकडे आलं. ती सातवी शिकलेली होती, एवढं शिक्षण रेल्वेला पुरे झालं. आणि खरं सांगायचं तर दुसरं कोणी ते काम मागायलाही आलं नाही.

मी बोरटोल्याच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवत होते. राहायला वरठीला. सकाळची बुद्धवंदना आटोपून मी पॅसेंजर पकडायची आणि सव्वाआठला बोरटोल्याला उतरायची. शाळा साडेदहाची. मधे दुसरी गाडीच नव्हती. म्हणून दोन तास रेवताबाईच्या खोलीत. नऊ वर्षं मी तिच्या हातचा काळा चहा प्यायले.

"बसा जी मॅडम," ती म्हणायची, "तुमी सायेबासारख्या बसा, मी तुमची शिपाई."

"साहेब असते तर कार नसती का आली माझी?"

"कार नाई येत अठी. धानाच्या बांधीत फसते."

खोलीत एका कोनाड्यात मरीमायचा फोटो होता. मी पहिल्यांदा गेले तेव्हा तिने विचारलं होतं, "तुमाले चालते ना जी?" मी म्हटलं, तुझी माय तुझ्याजवळ, माझे बुद्ध माझ्याजवळ, चहात साखर मात्र जास्त घाल. त्यानंतर हा विषय आमच्यात कधी निघाला नाही.

मी उतरले की अर्ध्या तासाने नागपूरकडे जाणारी पॅसेंजर यायची. तीच गाडी बोरटोल्याचा जीव होती. गावात ढिवरांची साठेक घरं. माणसं पहाटे तलावात जाळी टाकायची आणि बायका ती मासोळी टोपल्यात भरून गाडीने न्यायच्या. कोणी वरठीला उतरायची, कोणी कामठीला, कोणी थेट नागपूरला. पस्तीस-चाळीस बायका, तेवढीच टोपली. वर ओलं गोणपाट, खाली मरळ नाहीतर झिंगे. संध्याकाळच्या गाडीने रिकामी टोपली एकात एक घालून परत यायच्या.

त्यांना भीती एकाच गोष्टीची, तिकीट तपासणाऱ्याची. स्वतःचं तिकीट त्या बहुतेक काढायच्या. रेवताबाई काढायला लावायचीच. पण टोपल्याचं काय? टोपलं म्हणजे लगेज, त्याची वेगळी पावती, आणि ती पावती हाल्टवर मिळत नाही. मिळत नाही ती वस्तू घ्यायची कुठून? कलाबाई नावाच्या बाईला एकदा एका मोठ्या स्टेशनात उतरवून दिवसभर बाकावर बसवून ठेवलं. ऊन लागून तिचं सगळं टोपलं नासलं. ते ती वाटेतल्या नाल्यात ओतून घरी आली. तेव्हापासून गावाने एक शब्द ठरवला होता, "बगळा". पांढरा शर्ट, काळी पँट, मान लांब करून एका जागी उभा, नजर टोपल्यावर. तपासणारा कट्ट्यावर दिसला की रेवताबाई खोलीबाहेर येऊन तलावाच्या पाळीकडे, म्हणजे मातीच्या बांधाकडे, तोंड करून ओरडायची, "बगळा आला वोऽ!" बायका गाडीच्या पाच मिनिटं आधीच पाळीवरून खाली उतरायच्या, तोवर पलीकडे बसलेल्या असायच्या. हाक ऐकली की तिथेच बसून राहायच्या. एखाद्या दिवशीचा बाजार बुडायचा, पण टोपलं वाचायचं.

हे बरोबर होतं असं मी म्हणत नाही. मी शिक्षिका आहे. पण मीही त्या हाकेला हसत होते, हे लपवून काय करू?

मग लॉकडाऊन आला. गाड्या बंद झाल्या. पुन्हा सुरू झाल्या तेव्हा पॅसेंजर पॅसेंजर राहिली नव्हती. तीच गाडी, तेच डबे, पण नाव स्पेशल, नंबराच्या आधी शून्य, दहाचं तिकीट तीसला आणि बोरटोल्याचा थांबा काढलेला. दोन वर्षं गाडी समोरून जात राहिली. रेवताबाई वेळेवर खोली उघडायची, झाडायची, गाडी गेली की कुलूप लावायची. कोणी विचारलं तर म्हणायची, "एखांद्या दिवशी थांबली तं? मी नसलो तं तिकीट कोन देईन?"

बायकांचे हाल झाले. काही दिवस त्यांनी मिळून एक मालवाहू गाडी केली, ती परवडली नाही. मग एक व्यापारी थेट तलावावर येऊ लागला. तो सांगेल तो भाव. बायका घरी बसल्या. शकुबाई म्हणून एक आहे, तोंडाची फार तिखट. ती एकदा मला म्हणाली, "मॅडम, आदी मी पैसा कमावत होती, आता नवऱ्याले सुपारीसाटी हात पसरून राहिली. गाडीनं आमाले पुन्हा घरात कोंडलं."

गावाने अर्ज केले. ते मीच लिहिले. कोणाकोणाच्या हाता-पाया पडून शेवटी थांबा मिळाला, पण सहा महिन्यांसाठी, प्रायोगिक. म्हणजे बघू, माणसं चढतात का. चढली तर ठेवू. पहिल्या दिवशी रेवताबाईने इंजिनाला नारळ फोडला. ड्रायव्हर हसला आणि त्याने एक शिट्टी जास्त दिली. मी स्कूटी घेतली होती, तरी गाडीनेच जाऊ लागले, तेवढंच एक माणूस वाढेल म्हणून. बायका पुन्हा टोपली घेऊन निघाल्या. शकुबाईने नवी चप्पल घेतली.

पाचव्या महिन्यातली गोष्ट. धान निघालेल्या बांधीत लाखोरीचं पीक फुलावर होतं. त्या सकाळी गाडीत माझ्यासमोर दोन माणसं बसली होती, पांढरे शर्ट, काळ्या पँटी. एकाच्या मांडीवर रजिस्टर होतं. त्याने ते उघडलं तेव्हा मी वाचलं. वर हाल्टचं नाव आणि खाली चढणारे, उतरणारे असे दोन रकाने. मला कळलं, हीच ती गणती, यावरच ठरायचं आहे. मनातून आनंद झाला. म्हटलं, आज चाळीस चढतील, यांनाही दिसेल.

आमची गाडी त्या दिवशी वीस-पंचवीस मिनिटं उशिरा पोचली, नागपूरची गाडी यायलाच झाली होती. उतरल्याबरोबर रेवताबाईला सांगायचं होतं. पण कट्ट्यावर माझ्या वर्गातल्या तृप्तीची आजी, आनंदाबाई, वाट बघत उभी होती. तिने माझा हात धरला. नातीच्या आधार कार्डावर नाव चुकलं होतं. मी म्हटलं, "आजी, थांबा जरा, आत्ता येते." ती म्हणाली, "तुमी रोजच असं म्हनता जी." मी थांबले. दोन मिनिटं असतील, जास्त नाही.

तेवढ्यात ती दोन माणसं खिडकीशी गेली. त्यातला एक हिंदीत म्हणाला, "अम्मा, चेकिंग के लिए आए हैं।"

थांब्याची चेकिंग, हे त्याच्या मनात. रेवताबाईने फक्त शब्द ऐकला आणि कपडे पाहिले. ती घाईघाईने बाहेर आली, पाळीकडे वळली आणि इतक्या वर्षांच्या सवयीने, पोटातून ओरडली,

"बगळा आला वोऽ! बगळाऽ!"

त्या दोघांनी आकाशात पाहिलं. त्यांना वाटलं, बाई पक्षी दाखवते आहे.

मी आनंदाबाईचा हात सोडवून धावले. "रेवता, अगं ते तपासणारे नाहीत! माणसं मोजायला आलेत, थांब्यासाठी! बोलाव त्यांना!"

तिचा चेहरा मी आयुष्यात विसरणार नाही. क्षणभर तिला समजलंच नाही. मग समजलं. साडी वर धरून ती पाळीकडे पळत सुटली. "या वोऽ! निंगा बाहेर! बगळा नाई होय! या वो माय, या!"

पण पाळीमागे बसलेल्या बायकांना हे नवीन होतं. "बगळा नाही" अशी हाक त्यांनी कधी ऐकली नव्हती. पुढे शकुबाईनेच मला सांगितलं, त्यांना वाटलं, रेवताबाईला पकडून उभं केलं असेल आणि तिच्या तोंडून बोलावून घेताहेत. एक म्हणाली उठू, दुसरीने तिचं लुगडं ओढलं. रेवताबाई पाळीवर चढली तेव्हा मागून गाडीची शिट्टी वाजली. ती एकेकीला दंडाला धरून उठवू लागली, "उठ ना वो, तुह्या पाया पडतो, उठ." दहा-बारा जणी टोपली डोक्यावर घेऊन बांधीतून पळाल्या. मंदाबाई शेताच्या धुऱ्यावरून घसरली आणि तिची मासोळी लाखोरीत पसरली. गाडी थांबली, मिनिटभर उभी राहिली आणि निघाली. पहिली बाई कट्ट्यावर पोचली तेव्हा शेवटचा डबा पाटीपुढून जात होता.

रजिस्टरात लिहिलं, चढले सात.

रेवताबाई धापा टाकत त्यांच्यापुढे उभी राहिली. "सायेब, चाळीस आहेत. थे पाहा, पाळीवर. त्याइले लिवा."

"जो गाड़ी में चढ़ा, वही गिनेंगे, अम्मा."

"माह्या हाकेनं लपल्या जी. चूक माही आहे, त्याइची नाई."

"लपल्या? का लपल्या?" दुसऱ्याने मराठीत विचारलं.

ती काय सांगणार? टोपल्याला पावती नसते म्हणून? ते सांगितलं तर चाळीस जणींवर बोट. ती खोलीत जाऊन तिकिटांची पेटी बंद करू लागली. मीही पिशवी उचलून शाळेकडे निघाले.

संध्याकाळपर्यंत ते दोघे तिथेच होते. त्यांनी आपला डबा आमच्या खोलीत बसून खाल्ला, रेवताबाईने पाणी दिलं. माणसं वाईट नव्हती. संध्याकाळच्या गाडीतून उतरले पाच, कारण सकाळी बायका गेल्याच नव्हत्या तर उतरणार कोण? तेही लिहिलं. "आता उद्या परवा पुन्हा याल ना?" मी विचारलं. म्हणाले, एकाच दिवसाचा हुकूम आहे मॅडम, अजून दहा हाल्ट आहेत.

दुसऱ्या दिवशी रेवताबाई मला म्हणाली, "एक अर्ज लिवा. लिवा का रेवताबाईनं खोटी हाक देली, म्हनून मानसं कमी दिसली. पुन्हा मोजा म्हना. मले काय सजा द्याची थे द्या."

मी लिहिला. खाली सगळ्या बायकांच्या सह्या लागणार होत्या, आम्ही त्या वेळी होतो आणि लपलो होतो म्हणून. आम्ही दोघी घरोघर फिरलो. कोणी सही केली नाही. कलाबाई म्हणाली, "कागदावर लपलो म्हनून लिवून देऊ? मंग उद्या त्योच कागद घेऊन येईन कोनी." तिचंही खरं होतं. शकुबाई तर दारातच म्हणाली, "बगळा बगळा करत होतीस ना वो? आमची मासोळी खाल्ली थो बगळा तूच निंगाली."

 पुढच्या घरी जायच्या ऐवजी रेवताबाई रस्त्यातच खाली बसली.

अर्ज एका सहीने गेला. तिची सही, शाळेतल्यासारखी, एक एक अक्षर सुटं काढलेली. त्या पौर्णिमेला मी विहारात बसले. सगळ्या प्राण्यांचं मंगल होवो म्हणत होते. आनंदाबाईची दोन मिनिटं डोळ्यांपुढे आली. मी धम्माजवळ काही मागत नाही, मागायचं नसतंच. नुसती बसून राहिले.

दीड महिन्याने उत्तर आलं. गणतीप्रमाणे प्रवासी संख्या अपुरी, थांबा रद्द. अर्जाचा उल्लेखसुद्धा नव्हता.

गावात पोरं तिला "बगळाबाई" म्हणू लागली. मी शाळेत दोघांना रागावले, त्याने काही झालं नाही. ती रोवण्याच्या, म्हणजे धानलावणीच्या, मजुरीला जाऊ लागली. बायका एका ओळीत रोवणा लावायच्या आणि तिच्या बाजूची जागा मोकळी सोडायच्या. व्यापारी तलावावर येतच होता. आता भाव अजून उतरला, कारण गाडीची आशा संपली हे त्यालाही कळलं होतं.

शेवटचं काम उरलं होतं, उरलेली तिकिटं आणि तारखेचा शिक्का वरठीच्या स्टेशनात जमा करणं. मी तिला स्कूटीवर नेलं. तिने तिकिटांची लाकडी पेटी मांडीवर घट्ट धरली होती. कारकुनाने पेटी उघडली, मोजली, पावती लिहिली. "खोलीची चाबी?" तिने कमरेची चाबी सोडून दिली. "मरीमायचा फोटो काढून घेतला," ती त्याला म्हणाली, जणू त्याने विचारलं होतं. तो म्हणाला, "बरं."

आम्ही बाहेर आलो तेव्हा संध्याकाळची पॅसेंजर फलाटावर लागत होती, बायका रिकामी टोपली घेऊन जिने परत यायच्या तीच. भोंग्यावर बाई सांगू लागली, गाडी कोणकोणत्या स्टेशनांवर थांबेल. एक एक नाव. रेवताबाई थांबली. पदर कानामागे सारून ऐकू लागली. मला ठाऊक होतं, तिलाही ठाऊक होतं, तरी तिने मला हलू दिलं नाही. यादी संपली. हिंदीत पुन्हा झाली, इंग्रजीत झाली. तीही तिने पूर्ण ऐकली.

गाडी सुटली. उघड्या दारात बसलेली माणसं आमच्यापुढून गेली.

"चल," मी म्हटलं, "तुला गावात सोडते."

"नोको जी. तुमी जा." ती फलाटाच्या टोकाकडे पाहत होती. "मी रुळा-रुळानं जातो. बाया सडकेनं आठवडी बजारातून येऊन राहिल्या असतीन आता."