डोक्यातल्या घड्या

एमआरआयच्या खोलीत माणसं येतात, घाबरतात, मशीनचा खडखडाट ऐकून घरी जातात. फोटो कॉम्प्युटरमध्ये राहतात आणि किस्से माझ्याकडे! चंद्रपुरातल्या एका स्कॅन सेंटरमध्ये मी टेक्निशियन आहे. सांगायचा मोह आवरत नाही, आणि आवरावा असं वाटतही नाही.

त्यात पुण्याहून एक डॉक्टर मॅडम आल्या. मेंदूवर अक्रोडासारख्या घड्या असतात. त्या आईबापाकडून किती येतात, बाईच्या आणि पुरुषाच्या किती वेगळ्या असतात, हा त्यांचा अभ्यास. त्यासाठी त्यांना जुळी भावंडं हवी होती, जमलं तर आईबापासकट. मग काय, सेंटरमध्ये जत्राच!

*

नागभीडकडून देवरावभाऊ आले. धानाची शेती. सोबत बायको सुशीलाबाई आणि बारावी झालेली जुळी, प्रशिक आणि प्रज्ञा. प्रज्ञाला नागपूरला शिकायला जायचं होतं. प्रशिकचा जीव ट्रॅक्टरमध्ये. पण देवरावभाऊ एकालाच पाठवणार होते, आणि तो एक म्हणजे पोरगा, हे त्यांच्या मनात पक्कं होतं. आता फक्त मशीननं हो म्हणायचं बाकी!

"ज्याच्या डोक्यात घड्या जास्त, थो जाईन नागपूरले!"

"भाऊ, घड्यांवरून हुशारी कळत नाही," मॅडम म्हणाल्या.

"मंग एवढी मोठी मशीन काऊन आणली?"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी स्क्रीनकडे.

*

पहिला नंबर देवरावभाऊंचा. मी बजावलं, डोकं अजिबात हलवायचं नाही. फोटो आला तो सगळा धुरकट! दुसऱ्यांदा काढला, तोही तसाच. बाहेर काढून पाहते तर गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा, आणि जबडा चालू!

"भाऊ, थुंका तो आधी!"

"बाई, खर्ऱ्याबिगर माह्यं डोकं चालतच नाई. बंद डोक्याचा फोटो काढून काय करान?"

*

त्याच दिवशी आलापल्लीचे दोन जुळे भाऊ आले. एका चेहऱ्याचे, लाकूड डेपोत कामाला. दोघांचे स्कॅन झाले आणि मॅडम खुर्चीतून उठल्याच. "हुबेहूब! एक रेषसुद्धा इकडची तिकडे नाही!"

मग पुन्हा स्क्रीनवर वाकल्या. अशा जुळ्यांच्याही घड्या इतक्या तंतोतंत जुळत नाहीत म्हणे. चौकशी केली. धाकटा मशीनला घाबरून बाहेर आलूबोंडा खात बसला होता. थोरलाच दोनदा झोपला होता!

"आमी दोघं सारखेच दिसतो ना बाई? मंग मशीनले काय फरक पडते?"

*

पुरुषाचा मेंदू सरासरी थोडा मोठा असतो, असं मॅडम कुणाला तरी सांगत होत्या. पुढचं "पण" यायच्या आत देवरावभाऊ ओरडले, "पायलं? पोरगाच जाईन!"

मला त्या माणसाचा मनापासून राग आला. प्रज्ञा मात्र शांतपणे म्हणाली, "बाबा, गडचिरोलीत हत्ती येऊन राह्यले. त्यायचं डोकं सगळ्यायहून मोठं हाय. त्यायलेच पाठवा नागपूरले!"

प्रशिक सगळ्यात मोठ्यानं हसला. बाप हसला नाही.

*

चौघांचे स्कॅन झाले. मॅडमनी देवरावभाऊंना स्क्रीनपाशी बोलावलं आणि प्रज्ञाच्या फोटोवर बोट ठेवलं.

"भाऊ, या घड्यांत तुमचा वाटा आहे."

"माह्या?"

"तुमचा."

देवरावभाऊ ताठ झाले. "म्हणजे पोरीनं डोकं माह्यं घेतलं! अन् असं डोकं मी धानाच्या बांधीत ठेवू? जाईन, नागपूरले हेच जाईन!"

वेटिंग रूममध्ये ओळखपाळख नसलेल्यांनाही त्यांनी ते सांगितलं. प्रज्ञा रडत होती, हसत होती. सुशीलाबाई चपला शोधत होत्या.

गाडी गेल्यावर मी मॅडमना विचारलं, "वाटा तर आईचाही असतो ना? मग त्यांचं नाव कसं नाही घेतलंत?"

"स्कॅनआधी जोडवी काढताना त्याच म्हणाल्या मला," मॅडम म्हणाल्या. "'खोटं नोका बोलू, मॅडम. पोरीत अर्धं बापाचं असते ना? तेवढंच सांगा. माह्या अर्ध्याचं नाव नोका घेऊ!'"