मेमरीच्या पट्टीचा धडा

नंदुरबारच्या मिरची बाजारामागे एका कारागिरांचे संगणक दुरुस्तीचे दुकान आहे. कोणतेही यंत्र उघडण्यापूर्वी ते सुरू करून, डोळे मिटून, त्याचा आवाज ऐकतात.

माझ्या जुन्या संगणकात अनेक वर्षे जमवलेले अहिराणी शब्द होते. तो इतका मंदावला होता, की माझा कोश अपुराच राहील अशी भीती वाटे. निवृत्तिवेतनात नवा संगणक बसणारा नव्हता.

“नवा कसाले लेतस, सर? याना दम कोंडायना शे,” असे म्हणत त्यांनी पंख्यातली मिरचीची तांबडी धूळ ब्रशने काढली. आम्ही दोघेही शिंकलो. मग मेमरीची नवी पट्टी त्यांनी माझ्याच हातात ठेवली.

“आते तुम्ही बसाडा.”

“मोडली तर? दुसरी परवडणार नाही मला.”

“इतला वरीस पोरेसले शिकाडं ना? जोर नका करा. ‘टक’ आवाज येवाले पाहिजे.”

पट्टी खाचेत पुन्हा पुन्हा तिरकी बसत होती. त्यांनी स्वतःचे दोन्ही हात पाठीमागे धरून ठेवले. अखेर टक झाले. पडदा उजळला आणि शब्दांची यादी क्षणात उघडली.

फळ्यापाशी अडलेल्या मुलांच्या हातातून मी कितीदा खडू काढून घेतला असेल, ते घरी परतताना आठवत राहिले.