माझ्या तोंडून काठियावाडी

या सदरातले अनुभव मी वाचते, पण खरं सांगायचं तर बरेचसे अर्ध्यावर सोडून देते. कापडाच्या टेस्टिंग लॅबमध्ये आयुष्य गेलंय माझं. धागा मशीनवर ओढून बघितल्याशिवाय तो पक्का म्हणायचा नाही, ही सवय. आमच्या अमळनेरच्या घरातही भगत, अंगारे-धुपारे कधी चाललं नाही. वडील शाळेत शास्त्र शिकवायचे. तरी आज लिहितेय, कारण या प्रसंगाच्या साक्षीदार असलेल्या आमच्या रेक्टर कोकिलाबेन नुकत्याच वारल्या. आता त्या वेळी खोलीत असलेल्या आम्ही दोघीच उरलो, मी आणि माझी तेव्हाची रूममेट...

गोष्ट नव्वदच्या दशकाच्या मध्यातली. टेक्स्टाईलच्या डिग्रीला सुरतेत ॲडमिशन मिळाली. तिथेच डिंडोलीला मामा होते, लूमच्या कारखान्यात कामाला. पण त्यांच्या दोन खोल्यांत आधीच सहा माणसं, म्हणून मी हॉस्टेलला राहिले. हॉस्टेल म्हणजे नानपुऱ्यात कॉलेजने भाड्याने घेतलेलं दुमजली घर. खाली मेस आणि रेक्टरची खोली, वर आम्ही मुली. माझी खोली जिन्याला लागून — दोन लोखंडी कॉट, एक खिडकी, मागे कुणाचं तरी कपडे वाळत घालायचं अंगण.

पहिलं वर्ष कसं गेलं ते ज्यांनी असं शिक्षण घेतलंय त्यांनाच कळेल. सर इंग्रजीत सुरू करायचे, समजावताना गुजरातीत शिरायचे, आणि वर्ग हसला की का हसला हे मला कळायचं नाही. रविवारी मामांकडे जाऊन पोटभर अहिराणी बोलून यायचं, की पुढचा आठवडा निघायचा.

माझी रूममेट हंसा, अमरेलीकडच्या एका खेड्यातली. तिची काठियावाडी सुरतच्या मुलींनाच धड कळायची नाही, तर मला काय कळणार? आम्ही मोडक्या हिंदीत बोलायचो, तेही कामापुरतं. एवढंच माहीत होतं की तिची आई ती अगदी लहान असताना गेली, घरात आईचा एक फोटोसुद्धा नाही, आणि तिला बापूंनी वाढवलं. पहिल्या टेस्टमध्ये ती बहुतेक विषयांत नापास झाली. त्यानंतर ती जेवेनाशी झाली. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची.

दिवाळीच्या थोडं आधी मला मलेरिया झाला. मामा येऊन गोळ्या देऊन गेले. त्याच दिवशी दुपारी हंसाने बॅग भरायला घेतली. मी विचारलं तर म्हणाली, रेक्टरना सुट्टीचं सांगितलंय, पण मी परत येणार नाही. शिक्षण सोडलं. संध्याकाळची एसटी होती. मला तिला थांबवायचं होतं, पण थंडी इतकी भरली होती की दातावर दात आपटत होते. दोन चादरी ओढून घेतल्या... त्यानंतरचं मला काहीच आठवत नाही.

जाग आली तेव्हा दुसऱ्या दिवसाचं ऊन खिडकीत आलं होतं. हंसा माझ्या कॉटला टेकून खाली बसली होती, रडून डोळे सुजलेले. दारात कोकिलाबेन उभ्या होत्या. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो हा, की तुला काठियावाडी कुठून येते?

घडलं ते दोघींनी मला एकेकटीने सांगितलं, आणि सांगण्यात फरक नव्हता. हंसा बॅग उचलून निघाली, तशी मी ताठ उठून बसले आणि म्हणाले, "झमकु, भूखी नो जाती. बेस, माथुं ओळी दउं." म्हणजे, झमकु, उपाशी जाऊ नकोस, बस, केस विंचरून देते. कोकिलाबेन औषध द्यायला वर आल्या होत्या, त्यांनी हे जिन्यातून ऐकलं. त्यांना वाटलं, हंसाच्या घरून कुणी बाई आली. आत बघतात तर हंसा जमिनीवर बसलीय आणि मी तिची वेणी घालतेय. वेणी संपली, मी आडवी झाले, झोपले.

ती वेणी मी स्वतः पाहिली. चार पेडांची होती. मला तीनच पेडांची येते... आजही.

वेणी होईपर्यंत एसटी निघून गेली होती. त्या रात्री हंसा खाली जाऊन जेवली.

झमकु कोण, हे तिलाही माहीत नव्हतं. मग का बसलीस, असं मी विचारलं. ती म्हणाली, पाय पुढे गेलेच नाहीत. दिवाळीत घरी गेल्यावर तिने बापूंना ते नाव सांगितलं. ते म्हणाले, झमकु हे तुझ्या आईने ठेवलेलं नाव. ती गेल्यावर कुणी त्या नावाने हाक मारली की तू आई शोधत घरभर फिरायचीस. ते बघवेना, म्हणून मीच ते नाव घरात बंद केलं.

सुट्टी संपली आणि हंसा परत आली. राहिलेले विषय काढले, चारही वर्षं माझ्याच खोलीत राहिली.

मामांना सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "हाई कोनले सांगू नको, बेटा." मी नाही सांगितलं. पण डोक्यात चालूच राहिलं. भाषेचं एक वेळ समजू शकते — रोज कानावर पडत होती, तापात तोंडातून आली असेल. वेणीही कुठे पाहिली असेन. पण ते नाव? जे खुद्द तिलाच ठाऊक नव्हतं, ते माझ्या तोंडी कुठून आलं? डॉक्टरांना विचारलं, पुस्तकं चाळली.

कोकिलाबेन गेल्याचं कळवायला हंसाचा फोन आला होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिने तो विषय काढला. म्हणाली, "मला आईचा आवाज आठवतच नव्हता गं. आता आठवतो. पण तो तुझाच आहे."

मी तर तो आवाज ऐकलेलाच नाही.